मुलं विचारतील तेव्हा

आजचं वाचन: अनुवाद 6:4-9 आणि 6:20-25



आजचा उतारा आपल्यापैकी अनेकांनी संडे स्कूलमध्ये पाठ केलाय. पण त्यातला क्रम कधी नीट बघितलाय का? सहाव्या वचनात मोशे सांगतो की या आज्ञा आधी तुझ्या स्वतःच्या हृदयात असू देत. सातव्यात मुलं येतात. दाराच्या चौकटीवर लिहिण्याची गोष्ट थेट नवव्या वचनात, सगळ्यात शेवटी. आपण मात्र सुरुवातच तिथून करतो. फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिली दारावर वचनाची पाटी लागते! (पाटी काढा असं मी म्हणत नाही.)

नागपुरात आपल्याला बरंच काही आयतं मिळालंय. स्टीफन हिस्लॉप 1845 साली इथे आले, 1846 मध्ये त्यांनी शाळा काढली. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून आहे. शिवाय संडे स्कूल, युथ मीटिंग, सुट्टीतलं व्हीबीएस. मग आईबाबांना वाटतं, मुलांच्या विश्वासाचं काम कुणीतरी करतंय. पण मोशेने सांगितलेल्या चार वेळा, म्हणजे घरी बसताना, रस्त्याने जाताना, झोपताना आणि उठताना, मुलांजवळ पाळकसाहेब नसतात. तुम्ही असता. सकाळी स्कूटीवर मुलीला शाळेत सोडताना कुणी कट मारला, की तुमच्या तोंडून काय निघतं, तेही ती मागे बसून शिकतच असते.

“मलाच बायबल फारसं कळत नाही, मुलांना काय शिकवू?” असं बरेच तरुण पालक म्हणतात. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांकडे बघावं. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक काही काळ आपल्या नागपुरातच कामाला होते. 1893 साली राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर जणू आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी चालत, 1900 साली त्याही ख्रिस्ताकडे आल्या.

टिळक 1919 मध्ये प्रभूकडे गेले. पुढे मुलगा देवदत्त यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितलं. त्यातूनच 1934 ते 1937 या काळात चार भागांत ‘स्मृतिचित्रे’ आलं. त्यात टिळकांचा तापट स्वभाव आहे, पैशांची ओढाताण आहे, भांडणं आहेत, रडणं आहे. आईने मुलापासून काही लपवलं नाही. घर फार पवित्र होतं असा आव आणला नाही. तरी देवदत्त विश्वासात राहिले, आणि नातू अशोक टिळकांनी पुढे आजीचं लिखाण संपादित केलं.

आता विसावं वचन बघा. मुलगा विचारतो, या आज्ञांचा अर्थ काय? उत्तरात बापाने नियम समजावायचे नाहीत. आम्ही मिसरात फारोचे गुलाम होतो, इथून त्याने सुरुवात करायची. म्हणजे आधी स्वतःची गुलामी सांगायची, मग सुटका. आपण उलट करतो. मुलगा विचारतो, “इतकी प्रार्थना केली तरी आजोबा का गेले?” आणि आपण म्हणतो, “असं विचारू नये.” तो गप्प बसतो. बारावीनंतर पुण्याला जातो, आणि चर्च सुटतं तेव्हा आपण हॉस्टेलला दोष देतो. “मलाही कळलं नाही रे, मीही खूप रडलो, पण त्या रात्री देवाने मला असं धरून ठेवलं,” एवढं बोललो असतो तर?

आणि ज्यांचा जोडीदार चर्चला येत नाही, त्यांच्यासाठी तीमथ्याचं घर. प्रेषितांची कृत्ये 16:1 मध्ये आई विश्वासणारी आहे, वडील हेल्लेणी. पौलाला त्या घरातला विश्वास आठवतो तो आजी लोईस आणि आई युनीके यांचा (2 तीमथ्य 1:5). युनीके ताईंनी नवऱ्याची वाट बघत मुलाचं शिक्षण थांबवलं नाही.

आज रात्री जेवताना मोबाईल बाजूला ठेवा आणि मुलांना तुमच्या मिसराची एक गोष्ट सांगा. नोकरी गेली ते वर्ष, किंवा अजून उत्तर न मिळालेली एखादी प्रार्थना. लग्न झालं नसेल, तर आईबाबांना त्यांची गोष्ट विचारा.

प्रार्थना: प्रभू येशू, आज ज्या घरात एकटी आई किंवा एकटा बाप मुलाच्या उशाशी बसून प्रार्थना करतोय, त्या खोलीत तू ये. आमेन.