जाणे आणि थांबणे

जेथे कोणी बोलाविले नाही तेथे सुवार्ता घेऊन जावे काय? हा प्रश्न आमच्या ग्रामोपदेशकांस नवा नाही. इक्वेडोर देशी, अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात, कुरारे नदीकाठी १९५६ साली पाच मिशनरी वाओरानी लोकांच्या भाल्यांनी पडले. १९५८ साली त्यांच्यातील एकाची बहीण व दुसऱ्याची विधवा त्याच लोकांत राहावयास गेल्या. परंतु दायुमा नामक वाओरानी स्त्रीने आप्तांकडून बोलावणे आणल्यावरच. त्या क्षमेने पुष्कळांची मने पालटली. तथापि १९६९ साली तेथे पोलिओची साथ येऊन कित्येक दगावले, कित्येक पंगू झाले. अलग राहिलेल्या लोकांच्या अंगी बाहेरच्या रोगांशी झुंजण्याची शक्ती नसते. पाहुण्याचा साधा पडसे-खोकलाही गाव ओस पाडू शकतो. म्हणून ब्राझील सरकारने १९८७ साली अशा लोकांस आपण होऊन न गाठण्याचे धोरण धरिले.

यावरून आम्हांस वाटते की, हेतू शुद्ध असला म्हणजे पाऊलही निर्दोष ठरते असे नाही. प्रीती शेजाऱ्याचे हित पाहते, आपला उत्साह नव्हे. बंधूंनो, जेथे दार उघडे आहे तेथे औषध व वचन दोन्ही घेऊन जा. जेथे बंद आहे तेथे बाहेर राहून प्रार्थना करा. प्रभू दार ठोठावितो, मोडीत नाही.