कार्यावरून कारण: न्यायदर्शन आणि कार्बोरेटरची मोटरसायकल

परिणाम डोळ्यांपुढे असतो, कारण दडलेले असते. एकावरून दुसऱ्यापर्यंत खात्रीने जाता येते का, हा न्यायदर्शनातला जुना प्रश्न. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार येतात. त्यांतले ‘शेषवत्’ म्हणजे कार्यावरून कारणाचे अनुमान. वात्स्यायनाने भाष्यात त्याचे उदाहरण नदीचे दिले आहे: पात्र भरून आले, ओढ वाढली, तर वर पाऊस झाला असला पाहिजे. यावरचा आक्षेपही सूत्रांतच नोंदवलेला आहे. पाणी कुठे अडले तरी नदी फुगते. मग अनुमानाला प्रमाण का मानावे?

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडमध्ये हा आक्षेप पुस्तकी राहत नाही. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा इथे संगम आहे. ओडिशात उगम पावून बस्तरमधून आलेली इंद्रावती दुथडी भरली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते मागे तुंबते. पूर एकच दिसतो, कारणे दोन असू शकतात. नैयायिकांचे उत्तर असे की ‘पाणी वाढले’ एवढा हेतूच (अनुमानाचा आधार) अपुरा आहे. वेगवान ओढ, फेस, वाहून आलेली पाने-लाकडे यांसह पाहिलेला पूर वरच्या पावसाचा असतो. अडलेले पाणी संथपणे चढते. दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहणाऱ्याचा आहे. न्यायदर्शनातले हे उत्तर आजही तितकेच पक्के आहे.

आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्यावर जुनी मोटरसायकल बंद पडली की हाच प्रश्न उभा राहतो. इंजिन चालायला पेट्रोल-हवेचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब लागतो. तिन्हींपैकी काहीही गेले तरी कार्य एकच दिसते: किक मारूनही गाडी सुरू होत नाही. ‘सुरू होत नाही, म्हणजे कार्बोरेटरमध्ये कचरा’ हे अनुमान व्यभिचारी, म्हणजे खात्री न देणारे आहे, कारण तोच हेतू करंट नसतानाही आढळतो. इथे शेषवताचा दुसरा अर्थ उपयोगी पडतो. वात्स्यायनाने तोही दिला आहे: संभाव्य पर्याय एकेक वगळत जावे, उरेल ते कारण.

काही किका मारून प्लग काढला की पर्यायांची पहिली विभागणी होते. टोक कोरडे असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येत नाही. मग कार्बोरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून पाहावे. धार आली नाही, तर अडथळा अलीकडे आहे: टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक, कॉकची जाळी किंवा अडकलेली फ्लोटची सुई. धार नीट आली, तर पलीकडे, जेटमध्ये. पावसाळ्यात ही धार काचेच्या बाटलीत धरावी. पेट्रोलमध्ये पाणी असेल तर ते जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. प्लग ओला निघाला तर पेट्रोल पोचते, पण जळत नाही: करंट नाही किंवा फ्लोटची सुई नीट बसत नसल्याने गाडी ओव्हरफ्लो होते. प्लगचे टोक काळ्या काजळीने भरले असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर हवा जास्त.

चोक ओढल्यावरच गाडी चालते, हे लक्षण फसवे आहे. चोक मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. म्हणून एरवी ते कमी पडत होते, एवढेच सिद्ध होते. पायलट जेट तुंबला असेल किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर पडून जादा हवा शिरत असेल. रबर आधी तपासावे, कारण ते न खोलता दिसते.

धूर हे तर न्यायाचे लाडके उदाहरण. धुरावरून अग्नी ठरतो, पण अग्नीवरून धूर ठरत नाही. त्यासाठी ओले इंधन लागते. अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ‘निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या’ या गॅरेजमधल्या व्याप्तीतही (खूण आणि कारण जोडणाऱ्या नियमातही) उपाधी आहे: इंजिन फोर-स्ट्रोक असले पाहिजे. टू-स्ट्रोक राजदूतमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, तिथे थोडा निळसर धूर हा दोष नव्हे. फोर-स्ट्रोकमध्येही सकाळी सुरू करतानाच धूर येऊन थांबत असेल तर संशय आधी व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा.

निदान खरे होते हे कशावरून कळते? मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते. नैयायिक ते बाहेरून ठरवतात: ज्ञानानुसार केलेली कृती सफल झाली पाहिजे. मोटरसायकलपुरते नैयायिकांचे म्हणणे मानावे लागते, मात्र एका अटीवर. नवा प्लग, साफ जेट आणि ताजे पेट्रोल एकदम घातल्यावर गाडी सुरू झाली, तर कृती सफल झाली, पण कोणतेच अनुमान सिद्ध झाले नाही. तोच बिघाड पुढच्या पावसात पुन्हा गाठेल. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच किक मारून पाहावी.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांमुळे बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यांत इशाऱ्याचा दिवा लागला की नोंदलेला कोड बिघाड कोणत्या सेन्सरच्या जोडणीत आहे तेवढे सांगतो. सेन्सर गेला, वायर तुटली की कनेक्टरमध्ये पाणी शिरले, हे पुन्हा पर्याय वगळूनच ठरवावे लागते.