नको असलेलं सिंहासन आणि न विचारलेला प्रश्न



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४

ज्ञान कसं मिळवायचं हे सांगताना भगवंत इथे तीन गोष्टी सांगतात. प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. पहिली आणि तिसरी आपल्या ओळखीची आहे. देवळात गेलो की डोकं टेकतो, वारीत पाणी वाटतो. मधला शब्द मात्र मी कित्येक वर्षं घाईघाईत ओलांडून जात होतो. परिप्रश्न, म्हणजे सगळ्या बाजूंनी खोदून विचारणं. परवा रात्री एक सिनेमा बघितला आणि तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जाईना.

सिनेमा २०१९ चा, ‘द किंग’. इंग्लंडचा राजपुत्र हॅल, म्हणजे पुढचा पाचवा हेन्री. बापाची सतत चालणारी युद्धं त्याला पटत नाहीत. राज्य नको म्हणून तो दारूच्या गुत्त्यात, फॉल्स्टाफ नावाच्या दोस्ताबरोबर दिवस काढतो. तरी मुकुट डोक्यावर येतोच. तो मनाशी ठरवतो, मी बापासारखा होणार नाही, शांतता आणीन. फ्रान्सचा युवराज त्याला डिवचायला एक चेंडू भेट पाठवतो, तोही अपमान हा गिळतो. मग एक माणूस त्याच्यासमोर आणला जातो : फ्रान्सच्या राजानं पाठवलेला मारेकरी. आणि शांततेसाठी आलेला हा मुलगा सैन्य घेऊन समुद्र ओलांडतो.

अ‍ॅजिनकोर्टच्या चिखलात तो जिंकतो. फॉल्स्टाफ तिथेच मरतो. पकडलेल्या कैद्यांना मारायचा हुकूम हॅल स्वतः देतो. शेवटी फ्रान्सची राजकन्या कॅथरीन त्याला साधेच प्रश्न विचारते, आणि त्याच्या लक्षात येतं की मारेकऱ्याचं प्रकरणच बनावट होतं. ते रचलं होतं त्याच्या सर्वांत विश्वासू सल्लागारानं, विल्यम गॅस्कॉइननं.

खरा इतिहास वेगळा आहे, हे सांगायला हवं. खरा हेन्री काही राज्याला नको म्हणणारा नव्हता. १४०३ मध्ये, जेमतेम सोळाव्या वर्षी, तो श्रूजबरीच्या लढाईत होता आणि तोंडावर बाण खाऊनही वाचला. फॉल्स्टाफ शेक्सपिअरचा, आणि गॅस्कॉइनचं कारस्थान सिनेमावाल्यांचं. पण २५ ऑक्टोबर १४१५ ची लढाई, तो चिखल आणि कैद्यांची कत्तल, हे खरं आहे.

सिनेमा संपल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया होती, “बिचारा! त्याला फसवलं.” झोपताना मात्र अर्जुन आठवला. त्यालाही लढायचं नव्हतं, त्यालाही राज्य नको वाटत होतं. मग दोघांत फरक काय?

पहिल्या अध्यायात अर्जुन सारथ्याला सांगतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध ने, कोणाशी लढायचंय ते मला बघू दे. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बघितल्यावर तो कोसळला, आणि मग विचारत सुटला. तुम्ही म्हणता ज्ञान श्रेष्ठ, मग मला या घोर कर्मात का ढकलता? मन वाऱ्यासारखं, ते आवरायचं कसं? साक्षात भगवंत समोर असूनही तो मुकाट्यानं ‘हो’ म्हणाला नाही. आणि भगवंतांनीही त्याला गप्प केलं नाही. अठराव्या अध्यायात ते सांगतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं ते कर.

हॅलनं सल्ला घेतला नाही असं नाही. पण ‘आता मी काय करू?’ या प्रश्नाच्या आधी ‘हे तुला कसं कळलं?’ हा प्रश्न यायला हवा होता. तो त्यानं विचारला तेव्हा हजारो माणसं मेलेली होती. मला वाटतं, याचं मूळ त्याच्या नकोसेपणातच आहे. ‘मला हे नकोच होतं’ हे वाक्य आपण स्वतःलाच दिलेलं निर्दोषपणाचं सर्टिफिकेट असतं. एकदा ते खिशात आलं की आपला हेतू शुद्ध, मग तपासायचं काय? वैराग्य वेगळं. वैराग्यात फळ सोडायचं असतं, डोळे मिटायचे नसतात.

अर्थात प्रश्न विचारून अर्जुनाचं युद्ध टळलं नाही. माणसं तिथेही मेलीच. पण तो जे करायला उठला ते काय आहे, हे त्याला माहीत होतं.

हे मी राजांबद्दल लिहितोय, पण टोचलं वेगळ्याच कारणानं. काही वर्षांपूर्वी मला नको असताना टीम लीड केलं गेलं. मला कोडिंगच आवडायचं. एका रात्री सिस्टिम बंद पडली. सकाळी एका सीनियरनं सांगितलं, अमुक नव्या मुलाच्या बदलामुळे झालं. लॉग उघडायला दहा मिनिटं लागली असती. मी उघडले नाहीत. मुलाचं नाव रिपोर्टमध्ये लिहिलं आणि मनात म्हटलं, मला कुठे हौस होती लीड व्हायची! दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तेच लॉग बघितले. बदल त्या सीनियरचा होता. तोवर तो मुलगा नोकरी सोडून गेला होता.

मी त्याला फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, “दादा, तुम्ही मला एकदा विचारलं असतंत तरी चाललं असतं.”

परिप्रश्न म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं परवा, सिनेमा बघून.

आजचा अभ्यास : आज कोणाबद्दल काही ऐकलंत, तर मत बनवायच्या आधी सांगणाऱ्याला शांतपणे विचारा, “हे तुला कसं कळलं?” आणि जमलं तर ज्याच्याबद्दल ऐकलंय, त्यालाही विचारा.

राम कृष्ण हरी 🙏