पहिला नंबर कोणाचा?

गावात ट्रॅक्टर आला की पेढे वाटतात. चार वर्षांपूर्वी आमच्या घरीही वाटले. कर्जाला जामीन आम्हीच राहिलो, कारण घरात पगारदार माणूस एकटे आम्ही. अब्बांनी मात्र पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. त्यांचा सवाल साधा होता : तीन एकरांच्या शेताला सहा लाखांचे यंत्र कशाला, आणि तेही सूद भरून?

हिशेबाने अब्बा खरे होते. नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी मिळून तीन एकरांना वर्षाकाठी तीसेक तास पुरतात. तासाला हजार रुपये भाडे धरले तरी 30 हजार. सहा लाखांवर दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच 60 हजार. मुद्दल, डिझेल आणि दुरुस्ती वेगळी.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. 1970-71च्या कृषिगणनेत देशातील सरासरी शेत 2.28 हेक्टर होते. 2015-16 मध्ये ते 1.08 हेक्टरवर आले. शंभरातील 86 खातेदार दोन हेक्टरांच्या आतले. वाटण्यांनी शेत लहान होत गेले आणि यंत्र महाग होत गेले. 22 सप्टेंबर 2025पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. सहा लाखांच्या मूळ किमतीवर 42 हजार वाचतात. दिलासा खराच, पण त्याने तीन एकरांचे सहा एकर होत नाहीत.

मग लहान शेतकरी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतो, तो वेडा म्हणून काय? त्या दिवशी भाईजान अब्बांना एवढेच म्हणाले, "अब्बा, वाफसा आपल्यासाठी थांबतो का?"

ज्याने काळी जमीन कसली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पाऊस पडला की माती चिकटते, मग वाफसा येतो, आणि दोन-चार दिवसांत एक तर ओल उडते नाही तर पुन्हा पाऊस लागतो. पेरणी साधायची ती तेवढ्यात. साऱ्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो. ट्रॅक्टरवाला आधी कोठे जाणार? जेथे वीस एकर एका तुकड्यात आहेत आणि पैसे रोख आहेत तेथे. भाईजान दोन हंगाम असे दुसऱ्याच्या दारात उभे राहिले. एका वर्षी पेरणी लांबली, पीक गेले. त्यांनी सहा लाख मोजले ते यंत्रासाठी कमी आणि या उभे राहण्यातून सुटण्यासाठी अधिक.

येथपर्यंत आम्हाला भाईजानची बाजू पटत होती. पण गेल्या मृगात आमच्याच दारात दुसरे कोणी उभे राहिले. शेजारच्या चाची, बेवा, दोन एकरांच्या मालकीण. "बेटा, हमारा नंबर कब?" शाळेला सुट्टी होती, आम्ही घरी होतो. भाईजान तीन दिवसांपासून एका मोठ्या शेतावर होते. ते उद्याही तेथेच जाणार, हे आम्हाला ठाऊक होते. तरी आम्ही म्हणालो, "कल, चाची." डोक्यात सहामाही हप्ता होता, आणि हप्ता चुकला असता तर बँकेने आमचा पगार धरला असता.

शाळेत पाण्याच्या नळावर आम्ही मुलांना रांगेत उभे करतो आणि लहानांना पुढे घेतो. हुकूकुल इबादचा धडा शिकवताना शेजाऱ्याचा हक समजावतो. मग आमच्या तोंडून "कल" कसे निघाले? हा प्रश्न आम्हाला आजही सतावतो.

जुन्या काळी ज्याचा एक बैल तो शेजाऱ्याच्या एका बैलाशी जोडी लावी. त्याला सावड म्हणत. आज तुझे शेत, उद्या माझे. तो काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्याकडे एकही बैल नव्हता तो तेव्हाही मागेच राहत होता. पण निदान ज्याची गरज होती त्याच्या गरजेचाही विचार होत असे. आज कर्जाचा हप्ता नंबर ठरवतो.

औजार बँकेसाठी सरकार अनुदान देते. गट करून लहान शेतकऱ्यांनी ती काढली पाहिजे. त्यात सूदही कमी आणि ओझेही वाटलेले. पण सामाईक ट्रॅक्टरलाही पहिला नंबर कोणाचा हे ठरवावेच लागते. ते ठरवले नाही तर तेथेही वीस एकरवालाच पुढे जाईल.

आम्ही भाईजानपुढे वही ठेवली : वाफशाचे पहिले दोन दिवस तीन एकरांच्या आतल्यांचे. ते म्हणाले, "तुकड्या-तुकड्यांत फिरण्यात वेळ जातो, डिझेल जाते. ती कमी तू भरशील?" प्रश्न रास्त होता. इन्साफ फुकट होत नाही. त्याचा तोटा कोणीतरी सोसावा लागतो. यंदा तो आमच्या पगारातून जाईल. वहीत पहिले नाव चाचींचे आहे. अब्बांनी ती वही पाहिली. ते बोलले काही नाहीत. फक्त चाचींच्या नावाखाली आणखी दोन नावे त्यांनी सांगितली आणि आम्ही ती लिहून घेतली.