काकड्याला झोपलेले पोर

या खेपेला आम्ही जो प्रश्न आपणांपुढे ठेवीत आहोत तो पोथीतून निघालेला नाही, आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीतून निघालेला आहे. तेव्हा आधी ती चूक सांगतो.

मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या अंगाला एका गावी सप्ताह होता. तेथे एक पंधरा वर्षांचा मुलगा पखवाज वाजवी. हात गोड, ताल पक्का. रात्री कीर्तन संपून पोर घरी जाई तेव्हा अकरा वाजून गेलेले असत, आणि पहाटे चारला काकडा. पाचव्या दिवशी काकड्याला उभा असतानाच त्याचा डोळा लागला, तोल गेला आणि पखवाज गळ्यातून घसरून जमिनीवर आपटला. आमचा पारा चढला. भरल्या सभेत आम्ही म्हणालो, “माळ घालतोस आणि देवापुढे झोपतोस? काढून ठेव ती माळ!” मुलगा एवढेच बोलला, “बुवा, मी मुद्दाम नाही झोपलो.” आम्ही म्हणालो, “वर तोंड करून बोलतोस?” त्याने माळ काढली, विणेकऱ्याच्या पायाशी ठेवली आणि निघून गेला. पुन्हा देवळात आला नाही.

त्या वेळी चारचौघांनी माना डोलावल्या. “हल्लीची पोरं अशीच,” असे उद्गारही निघाले. पण आमचे मन काही स्वस्थ बसेना. पोराचा अपराध काय होता? आणि अपराध असलाच तर तो पोराचा, की त्याच्या वयाचा?

या वयाविषयी आज वैद्यकशास्त्र काय सांगते ते आम्ही जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले. दहा ते एकोणीस हा किशोरवयाचा काळ धरतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथींकडून इशारा सुटतो आणि शरीर वाढीला लागते. मुलींत ही वाढ साधारण आठ ते तेराच्या दरम्यान सुरू होते, मुलांत नऊ ते चौदाच्या दरम्यान. भर वाढीच्या वर्षात मूल आठ-नऊ सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक उंच होते. आवाज फुटतो, अंग अवघडते, भूक वाढते. हे आपण सर्व जण पाहतोच. न दिसणारी गोष्ट अशी की याच वयात झोपेचे घड्याळ पुढे सरकते. झोप आणणारा जो रस मेंदूत पाझरतो तो मोठ्या माणसापेक्षा उशिरा पाझरू लागतो. म्हणून रात्री डोळा लागत नाही आणि पहाटे उघडत नाही. झोप तर या वयाला आठ ते दहा तास हवी. त्या पोराला सप्ताहात चारपाच तासही मिळाली नव्हती!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. भावनेचा वेग ज्या भागात उठतो तो मेंदूचा भाग या वयात लवकर जागा होतो. पण त्या वेगाला लगाम घालणारा, पुढचामागचा विचार करणारा, कपाळामागचा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे घोडा जोमात आला, पण लगाम अजून वळला जात आहे. म्हणूनच अपमान या वयात फार खोल लागतो, आणि तो सोबत्यांच्या देखत झाला तर अधिकच.

यावर कोणी म्हणेल, “बुवा, मग सगळेच वयावर ढकलायचे काय? नेमधर्माला अर्थ काय उरला?” शंका रास्त आहे. वयामुळे वर्तनाचे कारण कळते, पण तेवढ्याने मूल जबाबदारीतून सुटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला खरेखोटे कळते. त्याने चोरी केली तर ती चोरीच. परंतु दोष मोजताना विवेक किती पिकला आहे तेही मोजले पाहिजे. आणि हे माप एकदा हाती घेतले की ते आपल्याही दारी येते. त्या पहाटे दोघांचा तोल गेला. पोराचा झोपेने गेला, आमचा रागाने. त्याचा लगाम अजून वळला जात होता. आमचा वळून पुरी चाळीस वर्षे झाली होती. मग अधिक दोषी कोण? आम्हांला उत्तर मिळाले, आणि ते सुखाचे नव्हते.

आपल्या संप्रदायानेच हे विसरावे याचे नवल वाटते. परंपरेने मानलेल्या शकांप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७चा आणि ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२त. म्हणजे वय वर्षे पंधरा! गुरू निवृत्तिनाथ त्यांच्याहून दोनच वर्षांनी वडील. सोपानदेव आणि मुक्ताबाई त्यांहून लहान. डोक्यावर आईबाप नाहीत, गाव वाळीत टाकलेले. कोणी म्हणेल, ते अवतारी पुरुष, त्यांची गोष्ट वेगळी. खरे आहे. पण ताटीची कथा आठवा. लोकांच्या बोलांनी दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचे दार लावून आत बसले. तेव्हा चार वर्षांनी लहान मुक्ताबाई दाराशी उभी राहिली. तिने दार फोडले नाही, चारचौघे जमवले नाहीत. तिने थोरवीची आठवण दिली आणि दार आतून उघडण्याची वाट पाहिली. आमच्याकडे ताटी लागली तेव्हा मुक्ताबाई कोणी झाले नाही. उलट ताटी आम्हीच लावली.

आता मुलींचे. शहापूरकडे डोळखांब भागात हरिपाठाला पुढच्या ओळीत उभी राहणारी एक मुलगी होती. तेरावे लागले, ती शहाणी झाली, आणि आईने तिला हरिपाठाला धाडणे बंद केले. महिन्यातल्या चार दिवसांचे नव्हे, कायमचे! पुढे शाळा कशाला, अशी कुजबुजही सुरू झाली. आम्ही विचारतो, ज्या विटाळातून प्रत्येक देह जन्मला तो विटाळ एकट्या पोरीच्या माथी का? चोखोबांच्या सोयराबाईंनी हाच प्रश्न सातशे वर्षांपूर्वी देवाला रोकडा विचारून ठेवला आहे. या वयात मुलीच्या अंगातले रक्त खर्ची पडते. तिला लोह हवे, भाजीभाकरी पोटभर हवी. तिने एकादशीला साबुदाण्यावर दिवस काढावा असा हट्ट धरणे म्हणजे भक्ती नव्हे. आणि मुलीचे अठरा, मुलाचे एकवीस पुरे होण्याआधी लग्न लावणे २००६च्या कायद्याने गुन्हा आहे. तेथे टाळ घेऊन उभे राहणारा वारकरीही त्या पापाचा वाटेकरी होतो.

आपल्या भागात पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. तेथल्या पोराला किशोरवय असे लाभतच नाही. काल मूल होते, आज मजूर. ज्याला आपण उनाड म्हणून हाकलतो त्याच्या पाठीवर काय ओझे आहे हे आधी पाहावे.

मुरबाड-शहापूरचा माणूस भाताचा शेतकरी. राबावर वाढलेले रोप उपटून तो चिखलात लावतो. लावणी झाली की आठ-दहा दिवस रोप पिवळे पडते, मान टाकते. म्हणून कोणी ते पुन्हा उपटून मुळे धरली का ते पाहत नाही. शेतकरी बांध सांभाळतो, पाणी राखतो आणि थांबतो. पोरेही बालपणाच्या वाफ्यातून उपटलेली असतात. त्यांना बांध हवा, म्हणजे नेम हवा. पाणी हवे, म्हणजे माया हवी. बांधाशिवाय पाणी वाहून जाते, आणि पाण्याशिवाय नुसता बांध रोप जगवीत नाही.

तेव्हा आमची फडकऱ्यांना व गावोगावच्या भजनी मंडळांना विनंती आहे. सप्ताहात पोरांना कीर्तन आणि काकडा यांपैकी एकच द्यावा. चूक झाली तर बाजूला घेऊन सांगावे, सभेत नव्हे. आणि माळ ही शिक्षा म्हणून कोणाच्या गळ्यातून काढू नये. ती बुवांची नव्हे, पांडुरंगाची आहे.

त्या मुलाकडे आम्ही दोनदा गेलो. पहिल्या वेळी तो परसात बसून राहिला, पुढे आला नाही. त्याची आई म्हणाली, “रात्री डोळाच लागत नाही हो बुवा त्याचा.” दुसऱ्या वेळी आम्ही पखवाज बरोबर नेला. “आमची चूक झाली,” एवढे म्हणालो आणि कणीक लावण्यासाठी पखवाज त्याच्यापुढे ठेवला. त्याने मुकाट्याने कणीक मळली, धुमेला लावली, थाप मारून पाहिली, थोडी काढली, पुन्हा लावली. माळेचा विषय आम्ही काढला नाही, त्यानेही काढला नाही.

ती माळ अजून आमच्यापाशी आहे. तो मागेल तेव्हा द्यायची. मागितली नाही तर वाट पाहायची. रामकृष्णहरि.