अवाजवी भार

न्यायालयात कारकुनी केलेल्या माणसाच्या कानात कायद्याची भाषा घरीही वाजत राहते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी आवश्यक ते बदल करा, असे तो सांगतो. अट एवढीच की समोरच्यावर अवाजवी भार पडू नये. कचेरीत किंवा शाळेत वाद झालाच, तर तो भार किती हे ठरवायला कुणी तिसरा असतो. माझ्या घरात ते मी ठरवतो, आणि ज्याच्यावर भार पडणार तोही मीच.

नातू स्वमग्न आहे, सतरा वर्षांचा. स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट गुणगुणायची. आम्हाला ऐकू येत नसे, त्याला येई. ती बदलली. मिक्सर लावण्याआधी सूनबाई त्याला हाक मारून सांगते, मग तो हेडफोन चढवतो. कुकर मात्र त्याला चालतो, कारण शिट्ट्या मोजता येतात; मिक्सर कधी थांबेल ते कळत नाही. हे त्याच्याकडून ऐकेपर्यंत मला वाटे, आवाज म्हणजे आवाज. जेवणाची वेळ, ताट, बसायची जागा ठरलेली. या सगळ्यात माझ्या पदरचे गेले ते एका दिव्याचे पैसे. तरी पाहुण्यांना हे सांगताना माझा सूर दानशूराचा होतो.

जिथे खरोखर काही सोडावे लागते तिथे हात आखडतो. संध्याकाळच्या आरतीची पितळी घंटा वडिलांच्या वेळची आहे. ती वाजली की तो खोलीचे दार लावून घेतो. घंटेवाचून आरती अडत नाही, देवाचीही काही तक्रार नसावी. तक्रार माझी आहे. मी ती हळू वाजवतो आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतो. वर ‘होईल त्याला सवय’ आहेच. सवय त्यानेच का करायची, याचे उत्तर मी देत नाही.

नजरेचेही तेच. बोलताना तो भिंतीकडे पाहतो. नजर चुकवणारा साक्षीदार खोटा, असे मानणाऱ्यांत माझी हयात गेली, त्यामुळे ‘इकडे बघून बोल’ हे आपोआप तोंडी येते. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, २०१२ मध्ये मांडले की न समजण्याचा दोष एकतर्फी नसतो. आपणही स्वमग्न माणसांना तितकेच समजून घेत नाही. भिंतीकडे पाहत असताना नातू माझा शब्दन् शब्द ऐकत असतो. डोळ्यांत पाहायला लावले की त्याचे बोलणेच तुटते. मग ते पाहणे हवे होते कुणाला?

आणखी एक खोड. कुणी आले की मी आधी सांगतो, याला कोकण रेल्वेची स्थानके ओळीने पाठ आहेत. लोक वा वा करतात, मला हलके वाटते. पाठ नसती तर मी काय सांगितले असते?

पुढच्या वर्षी तो अठरा पूर्ण करील. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तो करायचा का, यावर मुलगा-सुनेचे अजून ठरत नाही. समितीला आधी पाहावे लागते की या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कशासाठी. आम्ही थेट पालक कोण होणार यावरच बोलत होतो, तेही तो शेजारच्या खोलीत असताना. आता सूनबाईने त्याला लिहून विचारले आहे. त्याने वेळ मागितला आहे.

गणपती जवळ आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. मला ती तोंडपाठ आहे. चौकातल्या मंडळाचा अध्यक्ष माझ्या मित्राचा मुलगा. वर्गणी घ्यायला तो येऊन गेला, चहा झाला, स्पीकरचे तोंड आमच्या खिडकीकडून वळव, एवढे म्हणायला मला जागा होती. मी म्हटले नाही. त्या वेळी मला नातवाची नव्हे, चौकातल्या माझ्या मानाची काळजी होती. तो अजून दोनदा तरी येईल, मंडपाची परवानगी दाखवायला आणि आरतीचे आमंत्रण द्यायला.