चुरचुरणारं श्रेय

कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय म्हणजे हिताचं आणि प्रेय म्हणजे आवडीचं वेगळं करून दाखवतो. काचबिंदूच्या रुग्णापुढे ही निवड रोज असते. दुखत काही नाही, दिसतंही नीट; तरी बाटली उघडायची, थेंब टाकायचा आणि चुरचुर सोसायची. बदल्यात नजर टिकते, पण एरवी ती गेली असती हे त्याला कधीच दिसत नाही. तरी श्रेय खरं आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात डोळ्यातला दाब वाढलेल्या, पण काचबिंदू नसलेल्या लोकांपैकी थेंब घेणाऱ्या 4.4 टक्क्यांना पाच वर्षांत काचबिंदू झाला. न घेणाऱ्या 9.5 टक्क्यांना. म्हणूनच 'डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं' या तक्रारीवर 'एवढं सोसायलाच हवं' हे उत्तर तयार असतं.

हे उत्तर मला पटत नाही. नेमानं थेंब टाकणं वेगळं आणि डोळ्यांची आग वेगळी. काही औषधांनी डोळे लाल होतात हे खरं, पण पुष्कळदा आग होते ती बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या बेन्झाल्कोनियम क्लोराइड या प्रिझर्व्हेटिव्हमुळे. हा साबणाच्या जातीचा पदार्थ. अश्रूंवरचा तेलकट थर तो मोडतो, मग डोळ्यातलं पाणी लवकर उडून जातं. खालचा बुळबुळीत थर बनवणाऱ्या पेशी कमी होतात, बुबुळाचा पृष्ठभागही दुखावतो. एका थेंबाचं काय ते! पण हे औषध बहुधा जन्मभराचं, आणि बाटल्या दोन-तीन झाल्या की मारा वाढतो. वर्षानुवर्षं सुजत राहिलेल्या डोळ्यात पुढे काचबिंदूची शस्त्रक्रिया अपयशी ठरण्याची शक्यताही वाढते. म्हणजे हे सोसणं नजरेच्या कामी तर येत नाहीच, आडवंच येतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात स्वतःला पीडा देऊन केलेलं तप तामस ठरवलं आहे. सोसण्याचा उपदेश करणाऱ्यांना मात्र अठराव्यातलं, आधी विषासारखं आणि मग अमृतासारखं लागणारं सुख तेवढं पाठ असतं.

तक्रारीला मान दिला तर लोक औषधच सोडतील, ही भीती अगदीच खोटी नाही. थेंब मनानं बंद करणं धोक्याचंच. पण तक्रार दाबली की माणूस थेंब टाळतो तो न सांगता. डॉक्टरांना फक्त वाढलेला दाब दिसतो आणि चिठ्ठीवर आणखी एक बाटली चढते. आग टाळायला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब असतात; ते बहुधा महाग पडतात, हा आक्षेप अधिक वजनदार. पण ती पैशाची अडचण आहे आणि तशीच ती रुग्णाला सांगावी. परवडत नाही म्हणून वैराग्य शिकवू नये. शिवाय ते सरसकट सगळ्यांना लागतात असंही नाही, ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत त्यांचा विचार आधी व्हावा. दाब उतरवायला लेझरही आहे, जरी ते काचबिंदूच्या प्रत्येक प्रकारात चालत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'लाइट' चाचणीत सुरुवातीलाच लेझर केलेल्यांपैकी सुमारे 74 टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होता.